दुकान वाढवायचंय

तळेगिरीच्या नगरपालिकेत आता कुणी अर्ज भरत नसे. अर्ज भरलेलाच उघडायचा.

दारातून आत आलं की उजव्या हाताला कमरेएवढा एक खांब होता. लोक त्याला 'उंबरा' म्हणत, जरी तो उंबऱ्यासारखा अजिबात दिसत नव्हता, उलट कुणीतरी शाळेच्या मैदानातला क्रिकेटचा स्टंप उपटून आणून ठेवावा तसा दिसायचा. त्याच्यासमोर उभं राहायचं आणि काय काम आहे ते आपल्या नेहमीच्या बोलण्यात सांगायचं. बस्स! समोरच्या पडद्यावर आपला अर्ज उघडायचा. नाव बरोबर, पत्ता बरोबर, कामाच्या चौकटीत काम बरोबर. "नळाला करंगळीएवढं पाणी येतंय" म्हटलं की पाणीपुरवठ्याची तक्रार. "पोरीचं नाव लावायचंय" म्हटलं की जन्मनोंद. आपण फक्त अंगठा टेकवायचा. सगळं मिळून अकरा सेकंद. लोकांना तर नगरपालिकेत गेल्यासारखं वाटेनासंच झालं होतं.

या अकरा सेकंदांमध्ये शाल्मली पोळचा मोठा वाटा होता, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

शाल्मली दहावी ब मध्ये होती. उंबरा बसवला तेव्हा त्याला पुस्तकातलं मराठी कळायचं, पण तळेगिरीतलं कळायचं नाही. म्हणून नगरपालिकेने शाळेतून शब्दसेविका निवडल्या. काम असं की गावातले शब्द गोळा करायचे, त्यांचे अर्थ लिहायचे आणि उंबऱ्याच्या शब्दपेटीत टाकायचे. गेल्या वर्षापर्यंत उत्तर येत असूनही हात वर न करणारी ही मुलगी दप्तरात वही घेऊन भाजीबाजार, दवाखाना, पिठाची गिरणी सगळीकडे हिंडली. दोनशे बारा शब्द! जिल्ह्यात पहिला नंबर. उद्या रविवारी जिल्ह्याच्या गावी तिचा सत्कार होता आणि तिने भाषण आरशासमोर सहा वेळा म्हणून बघितलं होतं.

शनिवारी दुपारी पावणेचारला ती नेहमीप्रमाणे उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसली होती. तेवढ्यात छायाआक्का तोडकर आत आल्या. एका हातात घडी घातलेला कागद, दुसऱ्या हातात किल्ल्या.

आक्कांना अख्खं गाव ओळखायचं. मंडईतल्या सात नंबरच्या गाळ्यात त्यांचं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान होतं. आधी सासरे बसायचे, मग नवरा, आणि नवरा गेल्यापासून गेली एकोणीस वर्षं त्या स्वतः. मिक्सर कानाला लावून त्या काय बिघडलंय ते सांगायच्या, डॉक्टर छाती तपासतात तशा.

"शमे," आक्का म्हणाल्या, "तुझं हे यंत्र बहिरं आहे का गं?"

"बहिरं? आक्का, हे कुजबुजलेलंसुद्धा ऐकतं!"

"मग मी बोलले एक आणि याने ऐकलं भलतंच. वाच."

शाल्मलीने कागद उघडला. 'श्रीमती छाया मधुकर तोडकर यांच्या अर्जानुसार गाळा क्रमांक ७ च्या विस्तारास मंजुरी. लगतचा गाळा क्रमांक ८ त्यांना देण्यात येत आहे. दोन्ही गाळे रोज उघडे ठेवणे बंधनकारक. तसे न झाल्यास दोन्ही परत घेतले जातील आणि अर्जदारास पुन्हा गाळा मिळणार नाही. हरकत असल्यास शनिवार सायंकाळी पाचपर्यंत.'

"अय्या, अभिनंदन!"

"डोंबलाचं अभिनंदन! मी सोमवारी इथं आले ती गाळा परत करायला. सुहास कधीचा मागं लागलाय, आई, नाशिकला ये, बास झालं आता. उद्या सकाळी सामान न्यायला टेम्पो येतोय. आणि ही बया माझ्या गळ्यात आणखी एक गाळा बांधते!"

"पण आक्का, अंगठा टेकवताना वाचलं नाहीत?"

"नाव वाचलं. 'मधुकर' बरोबर आलं होतं. एवढं बरोबर आलं तर पुढचं चुकेल असं कुणाला वाटतंय?"

खरंच होतं ते. तिनेही कधी नावापुढे वाचलं नव्हतं.

"थांबा. तुम्ही सोमवारी नक्की काय म्हणालात ते बघू," असं म्हणून तिने पडदा जवळ ओढला आणि मग तिचा हात तसाच राहिला. "नाही बघता येणार."

"का?"

"असं बघा. वर्गावर नव्या बाई येणार असतात ना, तेव्हा स्टाफरूममधून कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी देतं. 'शेवटच्या बाकावरच्या मुली दंगेखोर आहेत.' बाई दारातच ती वाचतात आणि मग आत येतात त्या तसंच तोंड करून. अर्जाचंही तसंच. अर्ज उघडतो त्या क्षणी उंबरा त्याला एक चिठ्ठी देतो. आम्ही तिला उघडचिठ्ठी म्हणतो. माणूस कोण, काम काय, सगळं त्यात. अर्ज ती एकदाच वाचतो, उघडतानाच. एकदा उघडला की परत चिठ्ठी घेत नाही."

"आणि वाचून झाल्यावर चिठ्ठीचं काय होतं?"

"नाहीशी होते. साठवायचीच नाही असा नियम आहे. लोक काय काय बोलतात, ते कुणी जपून ठेवू नये म्हणून."

"चांगला नियम आहे," आक्का म्हणाल्या. "फक्त आज माझ्या मुळावर आलाय."

"तुम्हाला तरी आठवतंय ना, काय शब्द बोललात?"

"न आठवायला काय झालं? 'दुकान वाढवायचंय' म्हणाले."

शाल्मलीने त्यांच्याकडे बघितलं. आक्कांनी शाल्मलीकडे बघितलं. दोघींच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: हिला एवढं साधं कळत कसं नाही?

"आक्का, वाढवायचंय म्हणजे मोठं करायचंय ना?"

"आगं, वाढवायचंय म्हणजे मिटायचंय! 'बंद' असं म्हणतात का कधी आपल्या दुकानाला, आपल्याच तोंडानं? बांगडी फुटली तर आपण वाढवली म्हणतो. देवापुढे नारळ फोडला तरी वाढवला म्हणतो. माझे सासरे रोज संध्याकाळी दुकान वाढवून घरी यायचे. तू म्हणतेस तसं असतं तर एव्हाना ते एसटी स्टँडपर्यंत गेलं असतं की!"

शाल्मलीला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच अडकलं. तिने शब्दपेटी उघडून 'व' वर बोट ठेवलं. नोंद क्रमांक एकशे त्रेचाळीस.

'वाढवणे: मोठे करणे. उदाहरण: त्यांनी दुकान वाढवले. – शा. पोळ, १० वी ब.'

उदाहरणसुद्धा तिचंच! भाजीबाजारात ऐकलेलं वाक्य होतं ते. लसूणवाल्या आजी संध्याकाळी शेजारच्या दुकानाकडे हात दाखवून म्हणाल्या होत्या, "त्यांनी वाढवलं दुकान." शाल्मलीने मान डोलवून लिहून घेतलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वा, चांगला धंदा दिसतोय. शटर खाली होतं, हे तिने बघितलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. तिच्या घरी तर सगळे 'क्लोज केलं' म्हणायचे.

तिचे कान तापले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

एक सोपी वाट होती. आक्कांना पुन्हा उंबऱ्यासमोर उभं करायचं, 'चुकून अर्ज केला, रद्द करा' असं म्हणायला लावायचं. अकरा सेकंद. मग चूक आक्कांच्या नावावर पडली असती आणि एकशे त्रेचाळीस नंबरकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. उद्याचा सत्कार, भाषण, फोटो, सगळं जागच्या जागी. आणि सोमवारी आणखी कुणीतरी दुकान वाढवायला आलं असतं.

"आक्का, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली आणि कागद घेऊन गाळे विभागाच्या नदाफ मॅडमच्या टेबलापाशी गेली. तिथे पोचेपर्यंत तिने तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. तोंडातून चौथंच निघालं. "मॅडम, आक्कांचा अर्ज चुकीचा उघडला आणि चूक माझी आहे."

नदाफ मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हळू. श्वास घे. नवीन वाक्य सुरू कर."

शाल्मलीने सगळं सांगितलं. नदाफ मॅडमनी शब्दपेटीतली नोंद वाचली, मग आक्कांकडे वळल्या. "आक्का, आमच्या अब्बांचं बेकरीचं दुकान होतं. तेसुद्धा 'वाढवलं' म्हणायचे. मी महिन्यातून एकदा ही सगळी यादी तपासते. माझ्या नजरेतून कसं सुटलं हे?"

"उदाहरण छान होतं ना," आक्का म्हणाल्या.

शाल्मली जमिनीकडे बघायला लागली.

"मंजुरी मी रद्द करू शकते," नदाफ मॅडम म्हणाल्या, "पण आधी शब्द दुरुस्त व्हायला हवा, आणि मग आक्कांनी तेच बोलून नवा अर्ज उघडायला हवा. पाचच्या आत. कारणाच्या रकान्यात शब्दसेविकेची चूक असं लिहावं लागेल, शाल्मली. तो कागद वर जातो. उद्याचं मला सांगता येत नाही."

"लिहा," शाल्मली म्हणाली.

ती पळतच स्टुलाकडे आली. एकशे त्रेचाळीस उघडून तिने खाली दुसरा अर्थ लिहिला: 'बंद करणे, मिटणे. बंद हा शब्द अशुभ वाटतो म्हणून.' आणि साठवा म्हटलं. पडद्यावर तांबडी ओळ आली. 'एका शब्दाचे दोन उलट अर्थ. चिठ्ठीत कोणता लिहू?'

"पहिला काढून टाक ना," मागून येऊन उभ्या राहिलेल्या नदाफ मॅडम म्हणाल्या.

"आणि मग खरोखर मोठं करायचं असलेलं कुणी आलं तर? त्याचा गाळाच जाईल!"

चार वाजून पंचवीस मिनिटं. शाल्मलीने वहीच्या मागच्या पानावर उगाच दोन बाण काढले, एक बाहेर जाणारा, एक आत येणारा. उंबरा वाक्य ऐकून ठरवतो, पण वाक्य तर दोन्हींचं एकच. आवाजावरून ठरवायचं? आनंदाने बोललं तर मोठं, दुःखाने बोललं तर बंद? पण सासऱ्यांनी रोज संध्याकाळी काय रडत दुकान वाढवलं असेल? माणसांना हे कसं कळतं? आईला कसं कळेल? आई काय करेल?

"विचारेल!" ती एवढ्याने ओरडली की रांगेतल्या एका काकांनी छत्री पाडली. "मॅडम, चिठ्ठीत उत्तरच का द्यायचं? प्रश्न देता येतो का?"

"म्हणजे?"

"बाईंच्या हातात चिठ्ठी द्यायची, पण तिच्यात 'या मुली दंगेखोर आहेत' असं नाही लिहायचं. 'या मुलींना विचारा' एवढंच लिहायचं."

नदाफ मॅडमनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी स्वतः वाकून आतल्या एका पानावर जाऊन एक खूण बदलली. "सुरुवातीला ही सोय ठेवली होती," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो म्हणून कुणी वापरली नाही. सरासरी बिघडते."

चार पस्तीसला छायाआक्का उंबऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. सोमवारी केला असेल तसाच.

"दुकान वाढवायचंय."

अर्ज उघडला. नाव आलं, मधुकर आलं, पत्ता आला. पण कामाची चौकट कोरी होती आणि तिच्या जागी मोठ्या अक्षरांत एक ओळ होती:

'आक्का, दुकान मोठं करायचं की मिटायचं?'

'आक्का' हा शब्द शाल्मलीने घाईघाईत तिथे घातला होता. अर्जात तसं लिहीत नाहीत, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आक्का त्या ओळीकडे बघत राहिल्या. अकरा सेकंद झाले. वीस झाले. रांगेतले छत्रीवाले काका घसा खाकरून म्हणाले, "काय, बंद पडलं का?"

"बंद नाही पडलं," शाल्मली म्हणाली. "थांबलंय. आक्कांसाठी."

"शमे," आक्का हळूच म्हणाल्या, "उत्तर द्यायला किती वेळ असतो गं?"

शाल्मलीने बघितलं. वेळेची मर्यादा घालायची जागा होती, पण ती घालायचंच ती विसरली होती. "तुम्हाला हवा तेवढा."

आक्का तिच्या स्टुलावर बसल्या. मांडीवर किल्ल्या ठेवल्या. "गुरुवारी आठ नंबरची किल्ली हातात दिली यांनी," त्या सांगू लागल्या, कुणाला ते नक्की कळत नव्हतं. "म्हटलं, परत करायचीच आहे, निदान झाडून तरी द्यावा. झाडत होते तर समोरचा फुलवाला आला. म्हणे, आक्का, दुकान वाढवताय! आणि हसला. मग सगळी मंडईच आली. एवढे पेढे तर माझ्या लग्नात नव्हते. काल बायका घरातले जुने मिक्सर घेऊन आल्या. एकजण म्हणाली, टाकूनच देणार होते, पण तुम्ही दुकान मोठं करताय म्हटल्यावर म्हटलं बघावं दाखवून. काल मी अकरा मिक्सर केले, शमे. अकरा! गेल्या महिन्यात सगळे मिळून नऊ झाले होते."

"मग मोठं करायचंय?" शाल्मलीने विचारलं. तिला ते हवं होतं, अगदी मनापासून. मग चूक चूक राहिलीच नसती!

आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला आपला विचार मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं.

"दोन गाळे कुठं झेपतात मला? गुडघे बघ. या शटरवरून त्या शटरला जाईपर्यंत संध्याकाळ होईल."

"म्हणजे मिटायचं."

"सुहासने विचारलं होतं, आई, कधी येतेस? येतेस का, असं नाही विचारलं. मीही तारीख सांगितली. इथं आले, तर अर्ज भरून तयार. चुकीचा होता ती गोष्ट वेगळी, पण बरोबर असता तरी भरून तयारच असता की. मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगू? मीही नव्हतं विचारलं मला." त्या उठल्या. पडद्याजवळ गेल्या. "यात 'आहे तेवढंच राहू दे' कुठं आहे?"

शाल्मलीने बघितलं. दोनच चौकटी होत्या. मोठं करणे. मिटणे.

"नाहीये."

"आक्का," नदाफ मॅडम हसल्या, "जे आहे तेच राहू दे म्हणायला कुणी कधी अर्ज करतं का?"

"कसं करणार? तुमच्याकडं तसली चौकटच नाही!"

छत्रीवाले काका खो खो हसले. पावणेपाच वाजले होते. शाल्मलीने पुढचं काही विचारलं नाही, परवानगीसुद्धा. दोन चौकटींच्या खाली तिने तिसरी काढली आणि तिच्यात आक्कांचेच शब्द लिहिले, 'राहू दे' तसंच ठेवून. मग नदाफ मॅडमकडे बघितलं.

मॅडमनी एक उसासा टाकला. "ठेव. व्याकरण मी सोमवारी बघते."

आक्कांनी अंगठा टेकवला. या वेळी नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून, मोठ्याने, ओळीवर बोट ठेवून. आठ नंबरची किल्ली जुडग्यातून काढून मॅडमच्या हातात दिली, सात नंबरची कमरेला खोचली. मग पिशवीतून फोन काढला. "टेम्पोवाल्याला सांगते येऊ नको म्हणून. सुहासला जरा दमानं सांगते. दिवाळीला जाईन चार दिवस, रागावला तर पाच."

नदाफ मॅडमनी कारणाचा कागद वर पाठवला. त्यात शब्दसेविकेची चूक लिहिली होती आणि त्याखाली, शाल्मलीला न विचारता, आणखी एक ओळ घातली होती: चूक तिने स्वतः आणून दाखवली. उद्या सत्कार होणार की नाही, हे दोघींनाही माहीत नव्हतं. शाल्मलीने मनातल्या मनात भाषण पुन्हा म्हणून बघितलं. 'मी उंबऱ्याला दोनशे बारा शब्द शिकवले' हे पहिलंच वाक्य आता घशाखाली उतरेना. बोलायला मिळालं तर तिथूनच दुसरं काहीतरी सुरू करावं लागणार होतं. आणि गंमत म्हणजे, तिला त्याची भीती वाटत नव्हती.

भिंतीवरच्या फलकावर आजची सरासरी चढली. अकरा सेकंदांवरून थेट दोन मिनिटं. तिने त्याच्याकडे बघून चक्क जीभ दाखवली.

आक्का दाराशी पोचल्या. फोन कानाला, पिशवी खांद्याला. उंबऱ्यासमोर थांबून त्यांनी मागे वळून हात केला आणि जाणारी प्रत्येक बाई म्हणते तसं म्हणाल्या, "येते गं!"

"या!" शाल्मलीही सवयीने ओरडली. आणि जागच्या जागी थिजली.

पडद्यावर एक नवा अर्ज उघडला होता. नाव बरोबर, मधुकर बरोबर. कामाची चौकट भरलेली: 'आगमन नोंद.'

तिने शब्दपेटीत 'य' शोधला. 'येणे: आगमन करणे. – शा. पोळ, १० वी ब.' तिने अर्ज मिटला आणि पेन्सिल हातात घेऊन त्या नोंदीकडे बघत बसली. दुसरा अर्थ लिहायचा तर काय लिहायचा? जाणे? पण आक्का तर खरंच परत येणार होत्या. मग जाताना 'येते' म्हणणारं माणूस, आपल्या मागे राहणाऱ्यांच्या हातात नेमकी कसली चिठ्ठी ठेवून जातं?